मोरीतलं झुरळ आणि ओट्याखालचं झुरळ एकच समजताय? या चुका टाळा

मुंबईत घरात झुरळ दिसलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी आरडाओरडा, मग चप्पल, मग स्प्रेचा डबा, आणि चार दिवसांनी परत दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर द्या ना कोणीतरी". या सगळ्यात झुरळ नक्की कुठलं होतं हे कोणी बघतच नाही. मोठं होतं की छोटं, पंख होते का, पाठीवर पट्टे होते का, ओट्याखाली दिसलं की मोरीच्या जाळीपाशी की बेडरूमच्या कपाटावर. पैसे वाया जातात ते इथेच, कारण आपल्या घरात जी झुरळं दिसतात ती मुख्यतः तीन जातींची असतात, तिघांच्या राहायच्या जागा वेगळ्या, सवयी वेगळ्या, त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याच्या जागी ओतून काही होत नाही.

"छोटी झुरळं म्हणजे मोठ्यांची पिल्लं"

ही सगळ्यात कॉमन चूक. मोरीत अंगठ्याएवढं झुरळ दिसतं, किचनमध्ये बारकी बारकी फिरतात, मग आपण समजतो की मोरीतल्याने पिल्लं घातली आणि ती ओट्यावर आली. तसं नसतं. झुरळाला पूर्ण पंख आले की त्याची वाढ थांबते, म्हणजे दीड सेंटीमीटरचं झुरळ असेल आणि त्याला पाठभर पंख असतील तर ते पिल्लू नाही, ती वेगळीच जात आहे.

हे बारकं म्हणजे जर्मन झुरळ. रंग फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या ढालीसारख्या भागावर दोन काळे उभे पट्टे. घरात हे दोन पट्टे दिसले की विषय जवळपास संपला, सहसा दुसरं काही नसतं. मोबाईलवर झूम करून फोटो काढा, लगेच कळतं. याची पिल्लं काळपट असतात, पंख नसतात आणि पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ दिसते. पंख असूनही मोठं जर्मन झुरळ उडत नाही, पळतं मात्र जबरदस्त. नावावर जाऊ नका, २०२४ साली आलेल्या डीएनए अभ्यासात असं दिसलं की याचे पूर्वज साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूलाच माणसाच्या घरात राहायला लागले आणि मग व्यापाराबरोबर जगभर पसरले.

मोरीतलं, गटारातलं, डक्टमधून येणारं ते मोठं लालसर तपकिरी झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ, साडेतीन-चार सेंटीमीटर, कधी त्याहून मोठं, आणि ढालीच्या कडेने पिवळट किनार. (हेही मूळचं अमेरिकेचं नाही, आफ्रिकेतलं, जहाजांतून सगळीकडे गेलं.) उकाड्यात संध्याकाळी ट्यूबलाइटच्या दिशेने फडफडत येऊन सगळ्यांना सोफ्यावर चढवतं ते बहुतेक वेळा हेच.

आता फरक का महत्त्वाचा ते बघा. जर्मन मादी एका वेळी ३० ते ४० अंड्यांची पेटी घेऊन फिरते, पोटाच्या टोकाला चिकटलेली, आणि पिल्लं बाहेर यायची वेळ आली की मगच सोडते. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत मोठी होतात. अमेरिकन मादीच्या पेटीत १४-१६ अंडी असतात, ती पेटी एक-दोन दिवसांत कुठल्यातरी कोपऱ्यात चिकटवून निघून जाते, आणि पिल्लू मोठं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे मोरीत एक मोठं दिसलं तर ते बाहेरून आलेलं पाहुणं असण्याची शक्यता जास्त. पण ओट्यावर पट्टेवाली दोन-तीन बारकी दिसली, तीही भरदिवसा, तर ती तुमच्याच घरात जन्मलेली आहेत आणि आत लपायला जागा उरली नाही म्हणून बाहेर पडलीयत.

किचनच्या झुरळांसाठी मोरी धुणं

लोक काय करतात, मोरीत फिनाईल ओततात, सिंकच्या जाळीत डांबरगोळ्या टाकतात, आणि मग म्हणतात किचनमधली कमी होत नाहीत. अहो, ती मोरीत राहतच नाहीत! जर्मन झुरळाला हवी असते उबदार, ओलसर आणि अंगाला घट्ट बसेल अशी फट. चार-पाच मिलिमीटरची पुरते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, फ्रिजच्या दाराच्या रबरात, मिक्सरच्या बुडाखाली, वॉटर प्युरिफायरच्या मागे, मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांच्या चॅनलमध्ये, बिजागऱ्यांमध्ये, कडाप्पा आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत. तिथे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा, आणि त्या विष्ठेच्या वासानेच बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. म्हणून नुसती झुरळं मारून भागत नाही, ते ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून काढावे लागतात. ओल्या फडक्यानेच पुसा, कोरडं झाडू नका, कारण झुरळांची विष्ठा आणि मेलेल्यांचे तुकडे धुळीत मिसळून दम्याच्या पेशंटना त्रास देतात.

डांबरगोळ्यांबद्दल सांगायचं तर त्यांच्या वासाने झुरळ जरा लांब जातं एवढंच, मरत नाही. तमालपत्र, काकडीच्या साली यांचंही तेच, करून बघायला हरकत नाही पण त्यावर विसंबून राहू नका.

उलट चूकही होते. मोठी झुरळं येतायत ती गटारातून, आणि आपण जेल (झुरळं खाऊन मरतात ते औषध) लावतोय ट्रॉलीत. अमेरिकन झुरळासाठी आधी वाट बंद करायची. न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या खोलगट भागात, पाणी असतं म्हणून गटारातलं काही वर येत नाही, पण मे महिन्यात महिनाभर गावाला गेलात की ते पाणी सुकतं आणि परत येऊन दार उघडलं की बाथरूममध्ये दोन-चार उताणी पडलेली असतात. जायच्या आधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खायचं तेल टाका, तेलाने पाणी उडायला वेळ लागतो, आणि जाळीवर एखादी लादी ठेवून द्या. वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत नुसता खोचलेला असतो, सिंकचा पाइप जिथे जमिनीत जातो तिथे भोवती मोकळी जागा असते, एसीचं भोक तसंच असतं, या तिन्ही जागा बघा आणि एम-सील किंवा व्हाइट सिमेंटने बुजवा. पहिला जोराचा पाऊस पडून गटारं तुंबली की खालची सगळी फौज कोरड्या जागेसाठी वर चढते, म्हणून हे काम जूनच्या आधी झालं पाहिजे. पावसाळ्यात मोठी झुरळं अचानक वाढली तर घाण झालीय म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, चेंबर बघायला सांगा सोसायटीला.

"बेडरूममध्ये तर खाणं नसतं, इथे कुठून आली?"

इथे तिसरी जात. इंग्रजीत ब्राऊन-बँडेड म्हणतात, आपण पट्टेरी तपकिरी झुरळ म्हणू. साइज जर्मनएवढीच किंवा थोडी लहान, पण उभे पट्टे नसतात, त्याऐवजी पंखांवरून आडवे दोन फिकट पट्टे जातात. याला ओलाव्याची फारशी गरज नाही, उबदार आणि उंच जागा आवडते. फोटो फ्रेमच्या मागे, सेट-टॉप बॉक्समध्ये, घड्याळात, पेल्मेटमध्ये, पोटमाळ्यावरच्या पुस्तकांत. पुस्तकाच्या बाइंडिंगचा डिंकही खातं. अंड्यांच्या पेट्या फर्निचरच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवतं, म्हणून जुनं कपाट किंवा सेकंडहँड टीव्ही युनिट आणलंत तर ते उलटं करून बघा. किचनमध्ये कितीही जेल लावा, यांच्यापर्यंत ते पोचतच नाही.

बाकी थोडक्यात. पांढरं झुरळ दिसलं तर ती नवी जात नाही, त्याने नुकतीच कात टाकलीय, काही तासांत ते तपकिरी होतं. नेटवर जे काळंकुट्ट ओरिएंटल झुरळ दिसतं ते थंड हवामानातलं, आपल्याकडे काळसर काही दिसलं तर आधी जर्मनच्या पिल्लांचा संशय घ्या. बाल्कनीतल्या कुंडीत माती उकरताना जे झुरळ निघतं ते बऱ्याचदा मातीत राहणारं सुरिनाम झुरळ असतं, ते मुळं कुरतडतं पण तुमच्या किचनशी त्याला देणंघेणं नाही. आणि मोठ्या झुरळाच्या लेंड्या बघून घरात उंदीर आलाय असा गैरसमज भरपूर लोकांचा होतो, उंदराची लेंडी टोकदार असते, झुरळाची बोथट आणि तिच्यावर बारीक उभ्या रेघा.

अजून एक, हे मला फार वाटतं म्हणून सांगतोच. पावसाळ्यात घरात एक काळी, लांब पायांची गांधीलमाशीसारखी माशी येते, पोटाचा छोटासा भाग झेंड्यासारखा वरखाली हलवत भिंतीवर फिरते. तिला मारू नका. ती चावत नाही, आणि तिची अळी मोठ्या झुरळाच्या पेटीतली अंडी खाऊनच वाढते. ती घरात दिसली याचा अर्थ जवळपास कुठेतरी त्या पेट्या आहेत, तेवढी माहितीही फुकट मिळते.

स्प्रे आणि जेल एकत्र

स्प्रे वाईट नाही, समोर दिसलेलं मोठं झुरळ मारायला ठीक. पण जर्मन झुरळांच्या वस्तीवर स्प्रे मारला की समोरची दहा मरतात आणि आतली उरलेली पांगतात, फ्रिजमागची हॉलमध्ये जातात. पेटीतल्या अंड्यांना स्प्रेने विशेष काही होत नाही, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी नवीन पिल्लं हजर. वर पुन्हा या स्प्रेमध्ये जी औषधं असतात त्यांना बऱ्याच ठिकाणची जर्मन झुरळं आता दाद देत नाहीत. गॅस चालू असताना तर स्प्रे मारूच नका, तो पेट घेतो, आणि घरात मांजर असेल तर अजून जपा, यातली काही औषधं मांजरांना सोसत नाहीत.

छोट्या झुरळांवर काम करतं ते जेल, पण ते लावताना लोक घोळ घालतात. मोठे गोळे लावतात, चारच ठिकाणी. तसं नको, बारीक ठिपके आणि भरपूर, बिजागरीत, चॅनलच्या आत, फटीच्या तोंडाशी, म्हणजे झुरळाला लांब जावंच लागू नये. आणि जिथे जेल आहे तिथे स्प्रे, फिनाईल, खडू काही नाही! स्प्रेचा वास आला की झुरळ त्या जेलकडे फिरकत नाही, मग आपण म्हणतो जेल बोगस आहे. कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके चकचकीत पुसून टाकतात.

जेल मुद्दाम हळू मारतं. खाल्लेलं झुरळ परत फटीत जातं, तिथे मरतं, आणि त्याची विष्ठा पिल्लं खातात म्हणून जेलपर्यंत न आलेल्या पिल्लांपर्यंतही विष पोचतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी झिंगलेली झुरळं बाहेर दिसली तर घाबरून स्प्रे काढू नका. दोन आठवडे उलटूनही फरक नसेल तर मात्र जेल बदला, वेगळं औषध असलेलं घ्या. काही जर्मन झुरळांना जेलमधलं ग्लुकोज कडू लागायला लागलंय, ती तोंड लावून मागे सरतात, शास्त्रज्ञांनी १९९३ सालीच याची नोंद केलीय.

बोरिक पावडरही चालते, तीच कॅरमवर टाकतो ती. पण लोक थर देतात आणि झुरळ त्या ढिगाला वळसा घालून जातं. फुंकर मारल्यासारखी अगदी पातळ, आणि कोरड्या जागेतच, ओली झाली की काम संपलं. कणीक-साखर-बोरिकच्या गोळ्या लहान मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, दिसतात खाऊसारख्या.

आणि रात्रीचं पाणी. खायला नसलं तरी जर्मन झुरळ महिनाभरही तग धरू शकतं, पाण्याशिवाय मात्र आठवडा-दोन आठवड्यांत संपतं. रात्री सिंक कोरडं पुसणं, गळका नळ दुरुस्त करणं, फ्रिजखालचा ट्रे रिकामा करणं, याने जितका फरक पडतो तितका महागड्या पॅकेजनेही पडत नाही असं माझं मत.

न मोजताच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणं

तो येतो, मोरीत फवारतो, ट्रॉलीत चार ठिपके देतो, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देऊन जातो. त्याआधी झुरळांचे चिकट ट्रॅप आणा, एकेक फ्रिजमागे, सिंकखाली, मोरीजवळ आणि बेडरूमच्या कपाटावर ठेवा, दोन-तीन रात्री राहू द्या. कुठे कुठली चिकटली ते बघितलं की त्याला सांगता येतं, "दादा, फवारणी नको, ट्रॉल्या काढून आत जेल लावा". ट्रॉल्या काढायला कंटाळा करणारा माणूस असेल तर दुसरा बघा.

जर्मन झुरळं गटारातून येण्यापेक्षा सामानातून जास्त येतात. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके, कांद्याची गोणी, जुना फ्रिज, जुना मायक्रोवेव्ह. खोके घरात साठवू नका, सामान काढलं की लगेच रद्दीत. एकदा आली की पाइपांच्या भोकांतून शेजारीही जातात, त्यामुळे तुमच्याकडे सगळं करून परत परत येत असतील तर वरच्या, खालच्या आणि भिंतीला भिंत असलेल्या घरात विचारा, आणि जेल एकाच आठवड्यात सगळ्यांनी लावा. महिन्याने तेच ट्रॅप त्याच जागी पुन्हा ठेवा. एक जरी पिल्लू चिकटलं तरी त्या जागेच्या आसपास जेलचे नवे ठिपके द्या, रिकामे निघाले तर जुने ठिपके काढू नका, सुकेपर्यंत तसेच राहू द्या.