जुन्या बसची कॅम्पर व्हॅन घरच्यांना हाताशी घेऊन कशी करावी

दसरा झाला की काम काढा आणि होळीच्या आत आतलं सगळं उरका. नागपुरात याला एवढाच हंगाम. मे महिन्यात पत्र्याला हात लागत नाही आणि शीट चिकटवायचं सोल्युशन ब्रशवरच वाळतं. पावसाळ्यात प्लाय फुगतो, घासून काढलेला पत्रा रंग लागेपर्यंत पुन्हा गंजतो.

आधी कागद, मग पाना

एका कुटुंबाला २५ ते ३२ आसनी बस पुरते. शाळेची घ्या, नाहीतर बुटीबोरी-हिंगण्याकडे कामगारांची ने-आण करणारी. एसटीच्या लिलावातली भंगार बस कितीही स्वस्त दिसली तरी तिच्या नादी लागू नका. सरकारच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. तिची शेतावर खोली होईल, रस्त्यावरची गाडी होणार नाही.

सौदा करण्याआधी तुमच्या भागाच्या आरटीओत जा (शहर एमएच ३१, पूर्व ४९, ग्रामीण ४०). मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करायला आधी मंजुरी लागते. मोटार कॅरॅव्हॅनसाठी (कॅम्पर व्हॅनचं कायद्यातलं नाव) एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे, त्यामुळे आराखडा त्याला धरूनच काढा. बसचा परमिट, बँकेचा बोजा, थकलेला कर आणि ई-चलान जुन्या मालकाकडूनच निस्तरून घ्या. शाळेच्या बसचा पिवळा रंग बदललात तर तोही आरसीवर चढवा. आरसीवर एक आणि विम्यावर दुसरं असं राहिलं की क्लेमच्या वेळी नेमकं तेच आडवं येतं.

सीट काढणं आणि पाण्याची परीक्षा

आदल्या रात्री सीटच्या बोल्टांवर रस्ट स्प्रे मारून ठेवा. सकाळी दोघं हवेत. एकाने आतून बोल्टवर पाना लावायचा, दुसऱ्याने गाडीखालून नट धरायचा. एकट्याने केलं तर बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो. अडून बसलेला ग्राइंडरने कापा, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि खालून डिझेलची व ब्रेकची नळी कुठून गेली आहे ते टॉर्च मारून बघा. सीट निघाल्या की गाडी वजनकाट्यावर न्या. आरसीवरच्या एकूण वजनातून हा आकडा वजा केला की फर्निचर, पाणी आणि माणसं मिळून किती भार चालेल ते कळतं.

नंतर गळती शोधा, आणि हे काम मुलांना द्या. बाहेरून एकाने होजपाइपने आधी खिडकीच्या खालच्या कडेवर, मग वरच्या कडेवर, शेवटी टपावर पाणी मारायचं. प्रत्येक जागी पाच मिनिटं. आत मुलं टॉर्च आणि खडू घेऊन बसतात आणि थेंब दिसेल तिथे खूण करतात. टपावर थेट पाणी ओतलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि मूळ भोक सापडत नाही. खूण केलेल्या जागचं जुनं सीलंट पार खरवडून, थिनरने पुसून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. चाकावरचा पत्रा आणि दाराची पायरी इथे गंज हमखास असतो. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. आत गेला तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करा, नुसतं रेड ऑक्साईड फासू नका.

ऊन

छताला आतून २५ मिमी जाडीचं उष्णतारोधक एक्सएलपीई (पॉलिथिलीन) फोम किंवा नायट्राइल रबराची शीट लावा. ग्लासवूल हादऱ्यांनी खाली बसतं, थर्माकोल करकरतो आणि पेट घेतो. बहुतेक लोक छताच्या सांगाड्याच्या पट्ट्यांमधल्या जागा भरतात आणि त्या लोखंडी पट्ट्या उघड्या सोडतात. तीच खरी चूक: उष्णता त्या पट्ट्यांतूनच आत येते. त्यांच्यावरही ६ मिमी फोम टाकून मगच आतलं पॅनल ठोका. टप बाहेरून पांढरा.

एसीच्या मागे लागू नका. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, ७० वॉटचा छोटा डीसी कूलर काम भागवतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी मात्र चार बोटं उघडी हवी, नाहीतर आत नुसता दमटपणा साचतो.

फर्निचर

जमिनीवर मास्किंग टेपने पलंग, ओटा, कपाट खऱ्या मापात आखा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला झोपवून बघा. मधली वाट किमान २० इंच. आपत्कालीन दरवाजा झाकायचा नाही. लाकूडगंजातून (नागपूरचा लाकूडबाजार) बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय आणा. १२ मिमी पुरे, १९ मिमीने फुकट वजन वाढतं. घरं करणारा सुतार भिंतीला घट्ट, सलग कपाट ठोकतो. बसची चेसिस मात्र खड्ड्यात पिळते. म्हणून कपाट तुकड्यांत करा, मध्ये ५ मिमी फट आणि रबर ठेवा. पुढचं एक चाक चार इंच उंच ठोकळ्यावर चढवून दारं उघडून पाहा. अडकलं तर फट वाढवा. लोहचुंबकी कॅच पहिल्या गतिरोधकावर उघडतो, दाबून उघडायचं कुलूप लावा.

वीज आणि पाणी

दिवसाचा हिशेब असा: फ्रिज ५००, दोन पंखे ५००, कूलर ५६०, दिवे, पंप आणि मोबाइल २२०. एकूण साधारण १,७८० वॉट-तास. त्याला १२.८ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ३३० वॉटचे दोन पॅनल पुरतात. बॅटरी इंजिनाच्या बॉक्सवर ठेवू नका. तापली की तिचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) चार्जिंग बंद करतो. मोठ्या बसची स्वतःची यंत्रणा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची असते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढले तर दोघींचं चार्जिंग असमान होतं आणि दुसरी जास्त चार्ज होऊन मरते. त्याऐवजी २४ व्होल्टचे १२ करणारा डीसी-डीसी चार्जर लावा. वायर मल्टी-स्ट्रँड, टोकाला दाबून बसवलेला (क्रिम्प केलेला) तांब्याचा लग, मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. घरगुती सिंगल-स्ट्रँड वायर हादऱ्यांनी आतल्या आत तुटते.

पाण्यासाठी एक मोठी टाकी नको. ५० लिटरच्या दोन टाक्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, डावी-उजवी ठेवा. सीपीव्हीसी (कडक प्लास्टिक) पाइपचे जोड हादऱ्यांनी फुटतात, लवचीक पेक्स पाइप वापरा. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर आत ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. पडदे, गाद्या, सँडिंग, रंग घरच्यांनी करावं. ब्रेक, वेल्डिंग आणि बॅटरीची मुख्य जोडणी जाणकारानेच.

पहिली फेरी रामटेकपर्यंत, टाक्या भरून आणि सगळ्यांना घेऊन. १०० किलोमीटरला चाकाचे नट पुन्हा आवळा आणि रात्री तिथल्या खिंडसी तलावाजवळ मुक्काम करून कोणता जोड करकरतो, कुठे ठिबकतं ते कागदावर उतरवा.