हिवतापाचा रुग्ण : किटपासून चौदाव्या गोळीपर्यंत

भाताच्या रोवणीच्या दिवसांत गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडच्या टोल्यावर (पाड्यावर) ताप दिसला की आधी हिवताप तपासायचा. सोबत खोकला आहे, जुलाब आहेत, म्हणून सोडायचा नाही.

हिवतापाच्या झटपट रक्ततपासणीच्या किटचं पाकीट रुग्ण समोर बसल्यावरच फोडा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी बिघडते. अनामिकेच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. रक्त जास्त पडलं तर खिडकी लालभडक होते आणि रेघ दिसत नाही. किटवर लिहिलेल्या वेळेलाच वाचा. तासाभरानं उमटलेली रेघ धरू नका. गेल्या काही आठवड्यांत पीएफचा (फाल्सिपेरम जातीच्या हिवतापाचा) उपचार झाला असेल, तर जंतू मेल्यावरही किट पॉझिटिव्ह येऊ शकतं. तिथे निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचपट्टीवरच घ्या.

२०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाप्रमाणे आपल्याकडे पीएफला एएस-एसपीचं (आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) वयानुसार रंगाचं पाकीट आहे. १५ वर्षांवरील रुग्णाला पांढरं. आर्टेसुनेट तीन दिवस, एसपी फक्त पहिल्या दिवशी. पहिला डोस समोर गिळवा आणि १५ मिनिटं थांबा. ही पंधरा मिनिटं घाईत हमखास गाळली जातात. उलटी झाली तर पाव तास विसावा देऊन नवं पाकीट फोडा. पुन्हा उलटी झाली तर तोंडावाटे औषध बंद, रुग्णाला हलवा. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन एकदाच : प्रौढाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसातच्या सहा गोळ्या, जेवणानंतर.

पीव्हीला (व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाला) क्लोरोक्विन (१५० मिलिग्रॅम बेसच्या गोळ्या प्रौढाला ४, ४, २) आणि प्रायमाक्विन रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस. खरी गळती इथेच. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस बांधावर जातो, गोळ्यांची पट्टी भिंतीच्या खिळ्याला लटकते. यकृतात दडलेले जंतू मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात आणि गावात ‘औषध लागलं नाही’ अशी बोलणी होतात. म्हणून मधे दोनदा तरी घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजा.

प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाखालच्या बाळाला नाही. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईला पीएफ असेल तर एएस-एसपीही नाही. तिला डॉक्टरांकडे पाठवा. सिकलसेलचं कार्ड आहे म्हणजे जी-६-पीडी (हे विकर कमी असलं तर प्रायमाक्विननं रक्तपेशी फुटतात) तपासलंय, असं धरू नका, दोन्ही वेगळे.

झटके, गुंगी, धाप, कावीळ, उठून बसता न येणं, यांपैकी एक दिसलं तरी गाडी बोलवा. दवाखान्यात प्रौढाला आर्टेसुनेट शिरेतून किलोमागे २.४ मिलिग्रॅम : लगेच, १२ तासांनी, २४ तासांनी.

प्रायमाक्विन चालू असताना रोज लघवीचा रंग विचारा. काळ्या चहासारखी झाली की गोळी त्याच दिवशी बंद, रुग्ण दवाखान्यात.