टिनमधला भोपळा संपवताना या चुका टाळा

दिवाळी सरली की परदेशातली मुलं-सुना सुट्टीला येतात आणि त्यांच्या बॅगांमधून भोपळ्याचे टिन नेरूळ-वाशीच्या स्वयंपाकघरांत येऊन पडतात. टिन फळीवर मागे जातो. तारीख जवळ आली की मला विचारणा होते, "काकू, याचं करू काय?" करण्यासारखं पुष्कळ आहे: घारगे, भरीत, थालीपीठ, शिरा, सांबार. अमेरिकेतल्या टिनमध्ये बहुतेक वेळा डिकिन्सन जातीचा भोपळा असतो. तो मुख्यतः इलिनॉय राज्यात पिकतो, आणि क्युकरबिटा मोशाटा ही त्याची प्रजाती आपल्या लाल भोपळ्यातही सर्रास आढळते. म्हणजे चव परकी नाही. फक्त हा भोपळा आधीच शिजलेला, वाटलेला आणि पाणी धरून बसलेला असतो. किसलेल्या कच्च्या भोपळ्याची कृती त्याला जशीच्या तशी लावतात, तिथेच बहुतेकींचं बिघडतं.

लेबल न वाचता टिन फोडणं

बाजारात दोन प्रकारचे टिन मिळतात. एकावर नुसतं 'पम्पकिन' किंवा 'पम्पकिन प्युरी' लिहिलेलं असतं. त्यात भोपळ्याशिवाय काही नसतं. दुसऱ्यावर 'पम्पकिन पाय फिलिंग' किंवा 'पाय मिक्स' असतं. त्यात साखर असते, मीठ असतं आणि दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग अशा मसाल्यांचा वास मुरलेला असतो. चित्र दोन्हींवर भोपळ्याचंच, रंगही सारखाच.

आमच्या भिशीत गेल्या वर्षी एका मैत्रिणीने सगळ्यांसाठी भरीत करायचं ठरवलं. मुलाने पाठवलेले टिन होतेच. तिने ते एका दमात फोडले, मोठ्या पातेल्यात ओतले, वर दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची घातली आणि हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी दिली. चव घेतली ती अगदी शेवटी. तिची सूनच म्हणाली, "आई, भरिताला केकचा वास येतोय." मग कोणी म्हणालं मिरची वाढवा, कोणी म्हणालं लिंबू पिळा, कोणी आणखी दही ओतायला लावलं. पातेलं भरत गेलं आणि भरीत दर वेळी आणखी वाईट होत गेलं. मला बोलावलं तेव्हा एकच टिन उरला होता. त्याचा शिरा केला: रवा तुपात खमंग भाजला, साखर नेहमीच्या निम्म्याहून कमी घेतली, पाण्यातला थोडा भाग वगळून तिथे भोपळा घातला. दालचिनीचा तो वास शिऱ्यात शोभून दिसला. भरीत मात्र टाकावं लागलं, आणि एवढं दही-कूट फुकट गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय साधी आहे. टिन फोडला की आधी एक चमचा नुसता खाऊन बघायचा, मग काय करायचं ते ठरवायचं. गोड लागला तर शिरा, खीर किंवा केक. गोड नसेल तर सगळ्या वाटा मोकळ्या. एक चमचा चाखायला वेळ नाही असं म्हणणाऱ्यांनी पाहुण्यांसाठी स्वयंपाक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

न आटवता घारगे करणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहते. फोन ठरलेला असतो आणि नेहमी संध्याकाळी, तेल तापत ठेवल्यावर येतो. ऐरोलीची भाची परवा विचारत होती, "आत्या, पीठ हाताला चिकटतंय, अजून कणीक घालू का?" घालू नकोस म्हणेपर्यंत तिने घातलेली होती. अशा घारग्यांना भोपळ्याची चव उरत नाही, ते गार झाले की चामट होतात, आणि ज्यांत पाणी राहिलंय ते तेल पितात.

भोपळ्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कच्चा किसून गुळाबरोबर शिजवताना त्यातलं बरंचसं आपल्या डोळ्यांदेखत आटतं. टिनमधल्या भोपळ्याचं पाणी मात्र गरात मिसळलेलं असतं, म्हणून तो दाट दिसतो आणि फसवतो. गूळ पडला की आणखी सैल होतो.

425 ग्रॅमचा टिन असेल तर पसरट जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप घालून गर मध्यम आचेवर परतायचा. दहा-बारा मिनिटांत त्याचा रंग गडद होतो, टिनचा तो वास जातो आणि उलथन्याने ओढला की कढईचं बूड दिसून तसंच राहतं. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालायचं. गूळ विरघळला की गर पुन्हा पातळ होईल, तेव्हा पुन्हा आटवायचा. ही दुसरी खेप सगळे टाळतात. नंतर ताटात पसरून पूर्ण गार करायचा. कोमट चालणार नाही. गरम गुळात कणीक किती मावते याचा अंदाजच येत नाही. गार झाल्यावर वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंबही नको. तेलाच्या हाताने केळीच्या पानावर थापायचे, वर खसखस दाबायची आणि मध्यम आचेवर तळायचे, कारण गुळामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लगेच काळे पडतात.

मायक्रोवेव्हमध्ये आटवलं तर चालेल का, असं तरुण मुली विचारतात. कडेला सुकतं, मध्ये पातळच राहतं. कढईपाशी उभं राहा.

थालीपिठाला मात्र आटवू नका. भाजणीला पाणी लागतंच, त्याऐवजी हा भोपळा घालून मळा. टिन संपवण्याचा माझा सगळ्यात आवडता मार्ग हाच. ओवा, तिखट, कोथिंबीर घातली की मुलंही मुकाट्याने खातात.

बाकीच्या चुका

भरिताला पातळ दही घेणं. दही तासभर फडक्यात टांगा आणि भोपळा गार झाल्यावरच मिसळा. फोडणीत चार मेथीदाणे हवेतच.

या भोपळ्याची भाजी करायला जाणं. फोडी नाहीत तर भाजी कसली? त्यासाठी तुर्भ्याच्या एपीएमसीत किंवा ठाण्यात जांभळी नाक्यावर ताजा भोपळा मिळतो, चांगला आणि स्वस्त. मुद्दाम टिन विकत आणणं मला पटत नाही, आलेला संपवायचा.

उरलेला भोपळा टिनमध्येच झाकून फ्रिजला ठेवणं. त्याला धातूची चव लागते. काचेच्या डब्यात काढा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेवढ्यात संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा, तीन महिने छान राहतात. सांबारात किंवा आमटीत शेवटी दोन वड्या टाकल्या की दाटपणा येतो. वितळल्यावर पाणी सुटतं, घारग्यांसाठी ते निथळून घ्या.

फुगलेला टिन 'वास घेऊन बघू' म्हणत उघडणं. हे अजिबात करू नका. भोपळा आंबट नसतो, त्यामुळे बंद टिनमध्ये बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. खाडीकाठच्या दमट हवेत टिन सिंकखाली ठेवले तर पावसाळ्यात गंजतात. पुसल्यावर जाणारा वरवरचा गंज चालतो. खोल गंज, शिवणीवर पोचा किंवा फुगवटा दिसला तर तो टिन न उघडता टाकायचा, कोणी कितीही प्रेमाने आणलेला असो.

हल्ली काही जणी ताजा भोपळा शिजवून, वाटून, जॅमच्या बाटल्यांत भरून 'घरचा टिन' म्हणून कपाटात ठेवतात. दाट गरात उष्णता आतपर्यंत सारखी पोचत नाही. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा वाटलेला भोपळा घरी असा बाटलीबंद करू नका असंच सांगतं. एवढा गर काढलाच असेल तर तो सरळ फ्रीझरमध्ये ठेवा.