कचेरीच्या कमानी, चुन्याचा गिलावा

वडोदऱ्याचं न्यायमंदिर १८९६ चं, खंडेराव मार्केट १९०६ चं. मार्केटच्या दर्शनी इमारतीत महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी-फुलांचा बाजार. अशा सार्वजनिक इमारतीत, किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात, भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना ओल धरली की कुणीतरी लगेच सिमेंट थापतं. दोनेक पावसाळ्यांत ते पोकळ वाजू लागतं. विटा जमिनीतलं पाणी ओढतच असतात, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. मग ओल आणखी वर चढते, क्षार सिमेंटमागे साठतात आणि विटेचा भुगा होतो.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. फुटलेलं पन्हाळ, तुंबलेली मोरी, नाहीतर जुन्या फरशीवर नवी चढवल्यामुळे भिंतीकडे वळलेला उतार. हे राहिलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा, ब्रेकरने कमानीचे सांधे हलतात. सांधे १२ ते १५ मिलिमीटर खोल खरवडा. लोणा, म्हणजे भिंतीवर फुललेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशने झाडून उचलून न्या. धुतलात तर विरघळून परत भिंतीत जातो. भिंत काही आठवडे उघडी सुकू द्या.

आता सिमेंटच्या जागी चुन्याचा गिलावा. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून न विरवलेला, पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. न विरलेला एखादा खडा राहिला तर तो पुढे गिलाव्यात फुगतो आणि फोड येतो. प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे विटांची पूड, जुन्या, कमी भाजलेल्या विटांची. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही आवळतो, म्हणून खांबांच्या खालच्या भागाला ती हवीच. वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्या. चुन्यात घालायच्या गूळ-मेथीच्या पाण्याच्या कृती घराघराच्या वेगळ्या, पण त्याने वाईट चुना चांगला होत नाही.

भिंत आदल्या दिवशी आणि लावण्याआधी पुन्हा भिजवा. पहिला थर १० मिलिमीटर, त्यावर खरवडे काढा. आठवडाभराने, नखाने दाबून खूण उमटत नसेल तर दुसरा, ६ ते ८ मिलिमीटर. घाईने एकाच जाड थरात उरकलं की जाळीसारख्या भेगा पडतात. शेवटी दोन-तीन मिलिमीटरचा बारीक हात द्या.

माणसांचा रस्ता बंद करू नका. कमानी एकाआड एक घ्या, चालू कमानीला ओल्या गोणपाटाचा पडदा लावा. धूळ अडते, ऊन-वाराही लागत नाही. निदान दहा दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. एप्रिल-मेच्या उन्हात चुना आवळण्याआधीच वाळतो आणि हाताला पावडर लागते.

रंग चुन्याचाच, तीन-चार पातळ हात. प्लॅस्टिक पेंट लावलात तर सिमेंट काढून पिशवी चढवल्यासारखं. इमारत वारसा यादीत असेल तर छिन्नी लागण्याआधी परवानगी.