ऑफिसातल्या लोकांना क्यूजीआयएस शिकवायचंय? गाव एकदा नॉर्वेला जाऊ द्या

क्यूजीआयएस म्हणजे जीआयएसचं, म्हणजे नकाशावर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर. तलाठी, पाणीपुरवठ्याचे ज्युनिअर इंजिनिअर, कृषी सहायक असे वीसेक जण आणि हातात दोन दिवस, बहुतेक ट्रेनिंगला एवढंच मिळतं. त्यातला पहिला अर्धा दिवस आपण "जीआयएस म्हणजे काय" च्या स्लाइडमध्ये घालवतो. मीही घालवलाय, तिसऱ्या स्लाइडला मागच्या रांगेत मोबाईल निघतात. अहो, समोर बसलेल्या भाऊसाहेबांना ओढा कुठे वळतो, कुठल्या बांधावरून भांडण चाललंय सगळं तोंडपाठ असतं, फक्त ते कॉम्प्युटरला कसं सांगायचं तेवढं माहीत नसतं. तेवढंच शिकवा.

आदल्या दिवशी जाऊन सगळ्या मशीनवर एकच व्हर्जन टाका, लाँग टर्म रिलीज, म्हणजे जास्त काळ सांभाळलं जाणारं व्हर्जन घ्या. सॉफ्टवेअर फुकट आहे पण सरकारी पीसीचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडेच नसतो, तो शोधण्यात सकाळ जाते.

सॅम्पल डेटा वापरू नका. आठवडाभर आधी मेसेज टाका की प्रत्येकाने आपल्या गावातल्या दहा विहिरी किंवा हातपंपांचं लोकेशन मोबाईलवर घेऊन एक्सेलमध्ये आणायचं, गट नंबर आणि खातेदाराच्या नावासकट. आता गंमत बघा, गट नंबरच्या कॉलममध्ये १२/१ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, म्हणजे खुद्द सातबारा जरी लिहिला तरी ती तारीखच! म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं, आणि सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ (मराठी अक्षरं जपणारी साधी टेक्स्ट फाइल) निवडायचं, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मग क्यूजीआयएसमध्ये ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर, म्हणजे ती सीएसव्ही नकाशावर लेयर (थर) म्हणून आणायची. एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश. आपण बोलताना "अक्षांश-रेखांश" म्हणतो त्यामुळे कोणीतरी नक्की उलटं टाकणार, तिथे लगेच टोकू नका. झूम टू लेयर करायला सांगा. पुण्याजवळचं गाव, अक्षांश १८.५, रेखांश ७३.८, उलटं झालं की ते नॉर्वेच्याही वर आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतं. अख्खा वर्ग हसतो, आणि ज्याचं गाव गेलं तो परत कधी एक्स-वाय चुकत नाही.

खरा वेळ सीआरएसला द्या, म्हणजे लोकेशनचे आकडे कुठल्या मोजमाप पद्धतीतले आहेत हे सांगणाऱ्या पाटीला, माझ्या मते दोन दिवसांतले तीन तास तरी. मोबाईलचा डेटा डिग्रीत असतो, त्या सीआरएसचा नंबर ईपीएसजी ४३२६. मीटरमध्ये काम करायचं तर पुणे, नाशिक, कोल्हापूरला ३२६४३ आणि नागपूर, चंद्रपूरला ३२६४४, कारण मीटरच्या या सीआरएसचे उभे पट्टे म्हणजे झोन असतात आणि ७८ रेखांशाला झोन बदलतो, यवतमाळ जिल्हा तर दोन्हीत येतो. लोक करतात काय की लेयरवर राइट क्लिक, सेट सीआरएस, ३२६४३, झालं! पण त्याने डेटा बदलत नाही, नुसती पाटी बदलते, कॉम्प्युटरला वाटतं १८.५ आणि ७३.८ हे मीटर आहेत आणि गाव जातं विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात. पाटी चुकीची असेल तर सेट करायचं, डेटाच बदलायचा असेल तर रिप्रोजेक्ट, म्हणजे आकडेच नव्या सीआरएसमध्ये बदलून घ्यायचे. हे दोन्ही त्यांच्याच हाताने करून घ्या, फळ्यावर सांगून काही होत नाही.

यानंतर सॅटेलाइट इमेजवर एक शेत काढायला लावा, स्नॅपिंग (नवी रेघ शेजारच्या रेघेला आपोआप चिकटणं) चालू करून, नाहीतर दोन गटांमध्ये फटी राहतात. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर एरिया ($area) लिहून चौरस मीटरमध्ये क्षेत्र काढा आणि सातबाऱ्याशी ताडून बघा. गुंठ्यात हवं तर १०१.१७ ने भागायचं, आरमध्ये हवं तर १०० ने, आणि आर म्हणजेच गुंठा समजणारे वर्गात दोघे-तिघे निघतातच. थोडा फरक येणारच, सॅटेलाइट इमेजवरून काढलेली हद्द म्हणजे मोजणी नव्हे, हे मोठ्या आवाजात सांगा, नाहीतर ती प्रिंट घेऊन कोणीतरी बांधावर उभा राहील.

नकाशाचा डेटा सेव्ह करताना शेपफाइल या जुन्या फाइल प्रकाराची सवय लागूच देऊ नका. त्यात कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट खाते, म्हणजे "खातेदाराचे नाव" चं "खात" होतं. शिवाय चार-पाच फाइल्स सोबत असाव्या लागतात आणि लोक मेलवर फक्त डॉट एसएचपी पाठवतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा प्रकार घ्या, एकच फाइल, विषय संपला. गावनकाशाचं जिओरेफरन्सिंग, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागेवर बसवणं, वेळ उरला तरच घ्या, पॉइंट चारही कोपऱ्यांत पसरून द्यायचे एवढं सांगितलं तरी पुरे.

घरी गेल्यावर ग्रुपवर "सर नकाशा दिसत नाही" येणारच. फोनवर तासभर बोलू नका, लेयरच्या नावावर माउस धरून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, तिथे सीआरएसही दिसतो आणि फाइलचा पत्ताही. प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतो, फक्त तो पत्ता असतो, आणि बऱ्याचदा पत्त्यात ई ड्राइव्ह दिसतो, म्हणजे पेनड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि साहेब घरी.