अभ्यासाचं मोटिवेशन येत नाहीये? मेडिकल-फार्मसीवाल्यांनो, आधी या चुका टाळा

"मोटिवेशनच येत नाहीये यार" हे ज्युनिअर पोरापोरींकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मी समजावत बसत नाही, सरळ म्हणतो काल काय वाचलंस ते पुस्तक मिटून सांग बघू. दोन मिनिटांत उजेड पडतो. रात्री एक वाजेपर्यंत वाचलेलं असतं पण सांगता काहीच येत नाही, आणि एवढं करून टेस्टला मार्क पडत नसतील तर कोणाचंही मन उडेलच ना. म्हणजे मोटिवेशन नसणं हा ताप आहे, दुखणं वेगळंच. आणि आपण काय करतो तर रोज मोटिवेशनल व्हिडिओ बघतो, म्हणजे पॅरासिटामॉल खातो, चार-सहा तास बरं वाटतं मग परत तेच.

तेच तेच वाचत बसणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात लबाड पण, कारण तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आला होता, कॉलेजच्या मुलांमधल्या एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे! आठवड्याने घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे होते. आणि आपली परीक्षा काय ५ मिनिटांनी नसते.

त्यामुळे ब्रॅकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) वाचला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, सी५ ते टी१ रूट्स म्हणजे नसांची मुळं टाकून काढत जा आणि जिथे अडकाल तेवढंच उघडून बघा. पहिल्या दिवशी त्यातल्या पोस्टेरियर कॉर्ड या भागाला आल्यावर सगळी बोंब होते, होऊ दे. उद्या परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. ज्या दिवशी तो न बघता पूर्ण उतरतो ना, त्या दिवशी पुढचा चॅप्टर उघडायला कोणी सांगावं लागत नाही. (हायलायटरवर माझा जुना राग आहे, माझं फार्माचं पुस्तक इतकं पिवळं झालेलं की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसायच्या, आणि लटकलो पण त्याच विषयात.)

औषधांची यादी घोकणं

नावाच्या शेवटी प्रिल म्हणजे एसीई इन्हिबिटर (बीपीचं औषध), साइड इफेक्ट कोरडा खोकला, पोटॅशियम वाढतं, असं सुटं सुटं पाठ केलं की चार दिवसांत वाफ होऊन जातं. एकदा "का?" विचारा. एसीई हे एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन पण तोडतं, ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साचतं म्हणून खोकला, आणि एसीई जे बनवतं ते अँजिओटेन्सिन टू कमी झालं की पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं अल्डोस्टेरॉन हॉर्मोन कमी म्हणून पोटॅशियम वर जातं. मग पेशंटला सारटानवर (लोसारटानसारख्या बीपीच्या औषधांवर) का बदलतात ते आपोआप कळतं, कारण ती अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर काम करतात, ब्रॅडिकायनिनला हात लावत नाहीत. पण पोटॅशियमवर लक्ष तिथेही ठेवावंच लागतं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचंही तसंच, किडनी नीट असेल तर हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ३६ तास, स्टेडी स्टेटला म्हणजे रक्तातली पातळी स्थिर व्हायला ४ ते ५ हाफ-लाइफ लागतात, म्हणजे आठवडाभर. आता लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) का देतात हे पाठ करायची गरज उरली का?

फार्मसी म्हणजे हुकलेलं मेडिकल, हे डोक्यात घेऊन बसणं

मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून इकडे आलोय असं मनात धरून फार्मास्युटिक्स (औषधं बनवण्याचं शास्त्र) वाचलं तर ते कंटाळवाणंच वाटणार. संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात, ते चुकून रोज घेतलं गेलं तर पेशंटचा जीव जाऊ शकतो, आणि प्रिस्क्रिप्शनवर ही चूक आली तर पेशंटच्या हातात औषध पडायच्या आधी ती पकडायची शेवटची संधी बहुतेकदा फार्मासिस्टकडे असते. हे डोक्यात ठेवून डोसेज रेजिमेन (किती डोस, किती वेळाने) वाचून बघा.

भीती दाखवणं, आमिष दाखवणं

हे घरच्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की आवडीने कोडी सोडवणाऱ्या मुलांना त्याचे पैसे दिले आणि मग पैसे बंद केले की मोकळ्या वेळात त्यांचा त्यातला रस कमी होतो. म्हणजे पास झालास की नवा मोबाइल, हे जपूनच. आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळ्यांसमोर "तुझ्या हातून पेशंट मरणार" असं मला एका सरांनी ऐकवलेलं, त्यानंतर मी अभ्यास वाढवला नाही, त्यांचे तास चुकवायला लागलो. त्यापेक्षा "प्लेक्सस ट्रंकपर्यंत बरोबर आहे, डिव्हिजनपासून परत काढ" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

टाइमटेबलबद्दल एकच, बॅकलॉग असेल तर रंगीत तक्ता करू नका, आज एक टॉपिक संपवा. आणि झोप मारून वाचू नका, वाचलेलं पक्कं व्हायचं काम बरंचसं झोपेतच होतं.

हे सगळं करूनही काही हलत नसेल तर डायग्नोसिस परत तपासा. दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, हे क्रायटेरिया सायकियाट्रीच्या पेपरात आपण धडाधड लिहितो आणि स्वतःला मात्र आळशी म्हणत बसतो. तसं असेल तर कौन्सेलरची नाहीतर डॉक्टरची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, परीक्षा झाल्यावर बघू असं करू नका. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर आठवडा पण थांबू नका, आजच कोणालातरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊनच जा.