ठशांचा ‘हेन्री’ अपूर्णांक कसा काढायचा, आणि तो मुळात कोणाचा

दहा बोटांच्या ठशांवरून पोलिसांच्या नोंदीतल्या ठशांच्या कार्डाचा कप्पा ठरवणारं हे गणित १८९०च्या दशकात कलकत्त्यात अझीझुल हक यांनी बसवलं. हेमचंद्र बोस यांनी पोटविभाग आणि ठसे तारेने कळवण्याची सांकेतिक भाषा तयार केली. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांचं लागलं. हा अन्याय आहे. शिकवताना हक आणि बोस यांची नावं आधी घ्या.

शाईचा थर पातळ हवा, जाड झाला की रेषांमधल्या खाचा भरतात. घामट बोट पुसून घ्या. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवा: अंगठा शरीराकडे, बाकीची बोटं शरीरापासून दूर. उलट परत फिरवलं की ठसा फिसकटतो.

उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५, डाव्या अंगठ्यापासून ६ ते १०. गुण फक्त चक्रांना (गोल फिरणाऱ्या रेषा): बोट १-२ ला प्रत्येकी १६, ३-४ ला ८, ५-६ ला ४, ७-८ ला २, ९-१० ला १. शंख (फासासारख्या वळून परतणाऱ्या रेषा) आणि कमान (कमानीसारख्या आडव्या जाणाऱ्या रेषा) यांना शून्य. सम क्रमांकाच्या बोटांच्या गुणांची बेरीज अधिक १ वर, विषम क्रमांकाच्या बोटांची अधिक १ खाली. कप्पे ३२ × ३२, म्हणजे १०२४.

समजा, फक्त उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि अनामिकेवर चक्र आहे: ९/१७. चक्राच्या दोन्ही बाजूंना रेषांचा एकेक त्रिकोण असतो, शंखाला एकच. अंगठा अर्धवट फिरवला तर दुसरा त्रिकोण उमटत नाही, चक्र शंखासारखं दिसतं आणि कार्ड ९/१ मध्ये जाऊन पडतं.